बरण्यांचा हिशोब

प्रिय दिग्या,

परवा रात्री तू फक्त एक ओळ टाकलीस, "काय रे, अजून जॅमच विकतोयस?" आणि खाली ते हसून लोळणारं तोंड. मी तिथेच उत्तर टाइप करायला घेतलं, अर्ध्यात अंगठा दुखायला लागला, मग म्हटलं हे प्रकरण चॅटवर मावणारं नाही. तर आता रविवारची दुपार आहे, जेवणं झालीत, घरातले सगळे आडवे झालेत आणि मी लॅपटॉप घेऊन बसलोय. हो, अजून जॅमच विकतोय. आणि का विकतोय ते तुला आज सगळं ऐकून घ्यावं लागणारे, कारण स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा व्हिडिओ गेम माझ्या गळ्यात तूच मारलास, "एकट्या माणसाने साडेचार वर्षं खपून बनवलंय रे, चित्रं म्युझिक कोड सगळं त्याचंच, खेळून तरी बघ" असं म्हणून. बघितलं. आता भोग.

तुझं लेक्चर मला पाठ झालंय. शेतीची आठवी लेव्हल गाठायची, केग (फळाची वाईन करणारी भांडी) बनवायचे, फळ दिसलं की केगात टाकायचं, वाईन झाली की विक्रीच्या पेटीत, बाकी सगळं बालवाडी. तू नाशिकचा, तुला वाईनच सुचणार म्हणा. पण साहेब, केगला ओकचा चीक लागतो आणि तो झाडाला टॅपर ठोकून साधारण आठवडाभर वाट बघितल्यावर एकदा मिळतो, वर तांब्याची एक वीट, लोखंडाची एक वीट. माझी बरणी चौथ्या लेव्हललाच हातात येते. ५० लाकडं, ४० दगड, ८ कोळसे, झाली बरणी. गेममध्ये तिला प्रिझर्व्ह्ज जार म्हणतात आणि आत जे होतं त्याला जेली, पण आमच्या घरात कोणी जेली म्हणत नाही, बरणी आणि मुरांबा, बस.

आता हिशोब घे. बरणीत फळ टाकलं की मूळ किमतीच्या दुप्पट अधिक ५०. केगात टाकलं की तिप्पट. म्हणजे ज्या फळाची किंमत ५० च्या खाली त्याचा मुरांबाच महाग जातो, ५० च्या वर गेलास की वाईन पुढे, आणि बरोब्बर ५० वर दोघं सारखे. आणि ५० चं फळ कुठलं, तर ब्लूबेरी! जी तू मागच्या उन्हाळ्यात शेकड्याने केगात कोंबलीस! ब्लूबेरीची वाईन १५० जी (जी म्हणजे गेममधले पैसे), ब्लूबेरीचा मुरांबाही १५० जी, पण वाईनला लागतात सात दिवस आणि माझ्या बरणीला तीन, कधीकधी तर दोनच. तू एक बाटली काढेपर्यंत माझ्या दोन निघतात रे. हे तुला मी फोनवर सांगितलं होतं तेव्हा तू "हो हो" म्हणालास आणि विषय क्रिकेटवर नेलास, मला आठवतंय.

अर्थात मीही पहिल्या वर्षी शहाणपणा असा काही केला नाही. पहिल्या वसंतात १५ तारखेपासून चार दिवस ती सॅमनबेरीची झुडपं लगडतात ना, मी गावभर फिरून सगळी झाडून काढली आणि एनर्जी कमी झाली की खात सुटलो, जवळजवळ सगळ्या खाऊन संपवल्या. तेव्हा बरणी नव्हती हे खरं, पण ठेवता आल्या असत्या की! ५ जी ला विकली जाणारी बेरी, जिला पिएर दुकानात चिल्लर दिल्यासारखा भाव देतो, तिचा मुरांबा ६० जी ला जातो. बारा पट! अख्ख्या गेममध्ये फुकटच्या मालाला एवढा भाव मी दुसरीकडे पाहिला नाही. आपण मे महिन्यात गुहागरला सड्यावर करवंदं तोडायला जायचो आणि घरी येईपर्यंत डबा रिकामा, तसंच झालं बघ. दुसऱ्या वर्षी मात्र एकही खाल्ली नाही, एनर्जी संपून शेतात आडवा पडलो एकदा, पण खाल्ली नाही.

मग पहिला उन्हाळा. पिएरकडून ब्लूबेरीची ६० रोपं घेतली, ८० जी ला एक, म्हणजे ४,८०० जी, होतं नव्हतं ते सगळं. पहिल्या तारखेला लावली की १४ ला पहिला तोडा, मग दर चार दिवसांनी, गेममधल्या २८ दिवसांच्या ऋतूत चार तोडे, प्रत्येक रोपाला तीन बेऱ्या, असे सातशेवर दाणे हातात आले आणि माझ्याकडे बरण्या किती होत्या, तर तीन. मी काय केलं असेल? सगळा माल कच्चाच विकला. पैसा दिसला की आपल्याला राहवत नाही, तुला माहितीये. गोठा बांधला, कुदळ सुधारून घेतली, जरा ऐट केली, आणि मग आला हिवाळा. जमीन गोठलेली, काही उगवत नाही, २८ दिवस माझ्या बरण्या रिकाम्या आणि मी खाणीत दगड फोडत बसलोय. तिथे डोक्यात प्रकाश पडला की अरे, साठवणीच्या पेटीत ठेवलेलं फळ ह्या गेममध्ये नासतच नाही! उन्हाळ्यातली ब्लूबेरी हिवाळ्यात काढली तरी तश्शीच टवटवीत. म्हणजे तोडणीचा महिना वेगळा आणि बरण्यांचा महिना वेगळा ठेवता येतो, शेत थंड पडलं तरी कारखाना चालू. तुझे केग त्याच हिवाळ्यात काय करत होते रे? गेल्या डिसेंबरात तूच कुरकुरत होतास ना, केगात टाकायला काही नाही म्हणून? मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, आज कबूल करतो.

दुसऱ्या वर्षीचा प्लॅन मग कागदावर केला, खरोखर वहीत, पेनने. ६० बरण्या. लाकूड ३,०००, दगड २,४००, ते ठीक, कुऱ्हाड चालवली की होतं. खरा घास कोळशाचा. ६० गुणिले ८ म्हणजे ४८०. लोहाराकडे पहिल्या वर्षी १५० जी ला एक मिळतो, म्हणजे ७२,००० जी नुसते कोळशाचे, आणि दुसऱ्या वर्षापासून तो भाव २५० करून ठेवतो. मग खाणीत ४१ व्या मजल्यापासून खाली ती काळी धुळीची पिल्लं असतात ना टुणटुण उड्या मारणारी, त्यांच्या मागे लागलो. आठवडाभर रोज रात्री. बायको म्हणाली हा कुठला शेतीचा गेम, तू तर रोज उंदीर मारत बसलायस. भट्टीत १० लाकडांचा एक कोळसा होतो तेही केलं थोडं, पण लाकूड जाळायला जीव होत नाही माझा. एकूण ६० बरण्या व्हायला पावसाळा अख्खा गेला, आमच्याकडचा, गेममधला नाही. मग गावच्या सुतारणीकडून, रॉबिनकडून, शेड बांधून घेतली, १५,००० जी आणि ३०० लाकडं, आत बरण्या ओळीने मांडल्या, मधून चालायला एक गल्ली. काम चालू असलं की त्या बरण्या हलक्या फुगतात-दबतात, श्वास घेतल्यासारख्या, आणि ६० एकदम तसं करायला लागल्या की मी नुसता उभा राहून बघतो. गेमचा दिवस असतो साधारण चौदा मिनिटांचा, त्यातली दोन मी बघण्यात घालवतो. हे तुझ्या केगांना जमतं का माहीत नाही, मी विचारणारही नाही.

एक मोठा गाढवपणा सांगायचा राहिला, तो तुला आजवर सांगितला नव्हता. पाचव्या लेव्हलला रात्री झोपताना ते विचारतात ना, रँचर (जनावरं पाळणारा) व्हायचंय की टिलर (पिकं घेणारा), मी रँचर घेतलं. का, तर माझ्याकडे दोन कोंबड्या होत्या आणि मला त्या आवडायच्या. नीट वाचलंच नाही. टिलर घेतला असता तरच दहाव्या लेव्हलला आर्टिसन, म्हणजे कारागीर, हा पेशा मिळतो आणि त्यात मुरांबा, चीज, वाईन सगळ्यावर सरळ ४० टक्के जास्त. मी दहावी गाठली आणि समोर पर्याय आले ते कोंबडीवाला की मेंढपाळ! अरे, मी तिथे खुर्चीतून उठलो. ६० बरण्यांचा मालक आणि मेंढपाळ! मग शोधल्यावर कळलं की गटारात एक पुतळा आहे, त्याला १०,००० जी दिले की पेशा बदलता येतो, पण गटाराची गंजकी किल्ली मिळायला म्युझियमला ६० वस्तू द्याव्या लागतात. माझ्या झाल्या होत्या ४३. पुढचे कितीतरी दिवस मी मुरांब्याच्या धंद्यासाठी जमीन उकरून जुने बाहुले आणि हाडं शोधत होतो. किल्ली मिळाली, पैसे भरले, रात्री झोपलो आणि सकाळी १५० ची ब्लूबेरीची बाटली २१० ची झाली. त्या हिवाळ्यात पेटीतल्या साठ्यातून ५४० बाटल्या काढल्या, तूच गुणाकार कर, माझ्या वहीत १,१३,४०० लिहिलंय आणि खाली दोनदा रेघ मारलीये.

आणि हो, मिरचीचा मुरांबा! तुला माहितीये का, ह्या गेमच्या हिशोबात मिरची हे फळ आहे? मी चुकून एकदा तिखट मिरची बरणीत टाकली, मला वाटलं लोणचं होईल, आपल्या डोक्यात तेच ना, आणि तीन दिवसांनी बाहेर आली मिरचीची जेली. १३० जी. मिरचीची किंमत ४०, म्हणजे ५० च्या खाली, म्हणजे वाईनपेक्षा महाग (मिरचीची वाईन १२०, कोण पितं देव जाणे). टोमॅटो टाकला तर मात्र लोणचं होतं, कारण टोमॅटो भाजी. गंमत म्हणजे गावात त्यावरून नवरा-बायकोचं भांडण आहे, रॉबिनने नवऱ्याला फळ आणायला सांगितलेलं असतं आणि तो डिमिट्रियस टोमॅटो घेऊन येतो, शास्त्राप्रमाणे फळच आहे म्हणतो, आणि मग तुला मध्ये ओढून विचारतात की तुझं काय मत. मी रॉबिनच्या बाजूने बोललो. शेड बांधून घ्यायची होती ना. पण खरं बघितलं तर बनवणाऱ्याने टोमॅटोत रॉबिनला जिंकवलंय आणि मिरचीत डिमिट्रियसला, दोघांना एक एक, शहाणा माणूस.

त्याच डिमिट्रियसने पूर्वी माझ्या शेतातल्या गुहेबद्दल विचारलेलं, तिथे मशरूम हवेत की वटवाघळं. तू मशरूम घेतलेस. मी वटवाघळं. ती रोज सकाळी काही ना काही फळ टाकून जातात, कधी जंगली प्लम, कधी डाळिंब, कधी सफरचंद, आणि मी ते पुसून सरळ बरणीत. लोकांना नको सांगू हे.

आता आईचं ऐक. मागच्या महिन्यात ती इथे आलेली, ठाण्याला, पंधरा दिवस होती. एक दिवस मागे येऊन उभी राहिली, स्क्रीनकडे बघत. मी अगदी रंगात येऊन दाखवलं, ही बरणी, हे फळ टाकलं, हा मुरांबा झाला. ती म्हणाली, "साखर कुठाय?" मी म्हटलं ह्याला साखर लागत नाही. "पाक?" नाही. "गॅस तरी?" नाही. ती दोन मिनिटं गप्प राहिली आणि म्हणाली, "मग तो मुरांबा नाय रे, ते नुसतं बंद करून ठेवलेलं फळ. चौथ्या दिवशी फेसाळेल." आणि ती बरोबर आहे, साखर फळातलं पाणी धरून ठेवते म्हणूनच तर बुरशी धरत नाही, आपल्याकडे जॅमला सरकारी नियमातसुद्धा विरघळलेला ऐवज, म्हणजे मुख्यतः साखरच, ६५ टक्के असावा लागतो, आणि इथे मी साखरेचा एक दाणा न टाकता एका आंब्याची एक बाटली काढतोय. एका आंब्याची! आईला हे सांगितलं तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. मग तिने विचारलं विकतोस कुणाला, म्हटलं दारात एक पेटी आहे, रात्री त्यात टाकायचं, गावचा लुईस येऊन घेऊन जातो, सकाळी पैसे जमा. "आणि जास्त माल झाला तर?" तर काही नाही, एक बाटली टाक की पाचशे टाक, भाव तोच.

हे ऐकून ती आत गेली आणि लगेच आत्याला फोन लावला, मला स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं, "अगो, ह्याच्या गावात उधारी नाय म्हणे." तुला आत्याचं माहितीये ना, तिने मध्ये एका वर्षी घरी चाळीस बाटल्या साखरांबा केला, स्वतः लेबलं लिहिली, तालुक्याच्या एका दुकानदाराने ठेवून घेतल्या की खपल्या की पैसे देतो, आणि गणपतीनंतर बावीस बाटल्या परत आणून दिल्या, लेबलं उन्हाने पांढरी पडलेली, आणि विकलेल्या अठरांचे पैसे मिळेपर्यंत दिवाळी उलटली. दुकानदाराचंही काही खोटं नव्हतं म्हणा, माल पडूनच होता. त्या वर्षी आम्ही सगळे पोळीबरोबर, भाकरीबरोबर, ब्रेडबरोबर, नुसता, साखरांबा खात होतो. त्यामुळे मी रात्री पेटीत पाचशे बाटल्या ओततो तेव्हा मला जे वाटतं ते तुला वाटत नसणार, तुझ्या घरात कोणी बाटल्या परत घेऊन आलेलं नाही.

आंब्यावरून आठवलं, मी आंबा लावला! ते जिंजर आयलंड, गेममधलं बेट, उघडलं शेवटी, बोट दुरुस्त करायला काय काय द्यावं लागलं ते सांगत नाही, आणि दर खेपेला १,००० जी तिकीट. तिथला व्यापारी आंब्याचं कलम देतो पण पैशाने नाही, ७५ शिंपले मागतो. मी समुद्रावर खेकड्याचे सापळे टाकून महिनाभर शिंपले गोळा केले. कोकणातल्या माणसाला आंब्यासाठी शिंपले मोजायला लावले, बघ. झाड २८ दिवसांत तयार, आजूबाजूला सगळीकडून एक एक चौकोन मोकळा लागतो तेवढंच, आणि बेटावर बारा महिने आंबा. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले आपल्या कलमाला पाच वर्षं लागली होती आणि त्याला खत कोण घालत होतं ते विचार त्या तुझ्या व्यापाऱ्याला. आंब्याचा मुरांबा साधा ३१० जी, माझ्या ४० टक्क्यांसकट ४३४. वाईन साधीच ३९० होते, मला माहितीये, तुझ्या आधी मीच सांगतो. तरी आंबा मी केगात टाकणार नाही. ह्याला हिशोब नाही, आंब्याची दारू करून मी घरी काय तोंड दाखवू.

बरं, आता तुझंही थोडं खरं मानतो, नाहीतर तू पुढचं पत्र वाचणार नाहीस. स्टारफ्रूट हातात मोजकीच असतील तर वाईनच करावी. ७५० चं फळ, मुरांबा १,५५०, वाईन २,२५०, एका फळामागे ७०० चा फरक, तो कुठल्या तोंडाने नाकारू. आणि वाईन तळघरात पिंपात ठेवून ५६ दिवसांत दुप्पट करता येते, मुरांबा मुरत नाही (मुरांबा मुरत नाही, वाचून बघ हे वाक्य, किती चुकीचा गेम आहे). पण फळ ढीगभर असेल आणि बरण्या-केगच कमी पडत असतील तर उलटं होतं, कारण आठवड्यात केग एकदा भरतो आणि बरणी दोनदा. बरणीच्या दोन फेऱ्यांत किमतीत भर पडते १,६०० ची, केगाच्या एका फेरीत १,५०० ची. म्हणजे स्टारफ्रूटलासुद्धा! हे मी तीनदा तपासलं. तुझ्या एवढ्या केगांसमोर रांगेत पडलेली ती फळं आठवली की मला झोप येत नाही.

तारेवाल्या, म्हणजे चांगल्या दर्जाचा तारा मिळालेल्या, फळांचंही ऐकून ठेव, तू मागे सोनेरी ताऱ्याची कलिंगडं मुद्दाम केगासाठी राखून ठेवली होतीस, ती खरबुजं की काय ती, मेलन. त्याचा काहीही उपयोग नाही. केग असो की बरणी, आत गेल्यावर तारा विसरला जातो, सोनेरी असो की बिनताऱ्याचं, बाटली सारखीच. बिनताऱ्याची आधी आत टाकायची आणि अगदीच जागा पुरत नसेल तर तारेवाली कच्ची विकायची.

माझं सध्याचं असं चाललंय: गेममध्ये वसंत सुरू झालाय, आज ११ तारीख. १३ ला अंड्यांच्या जत्रेत स्ट्रॉबेरीचं बियाणं येईल, १०० जी ला एक, ह्या वेळी ते लगेच लावणार नाही, पुढच्या वसंतासाठी पेटीत ठेवणार, कारण १३ ला लावून दोनच तोडे मिळतात. आणि १५ ते १८ सॅमनबेरी. ते चार दिवस मला फोन करू नकोस, खरंच सांगतो, मी कामात असेन. त्यानंतरच्या शनिवारी रात्री कोऑपला, म्हणजे जोडीने खेळायला, ये माझ्या शेतावर. शेडमध्ये शेवटच्या ओळीत दोन बरण्या तुझ्यासाठी रिकाम्या ठेवल्यात. येताना स्टारफ्रूट घेऊन ये, तुझ्याकडे नुसती पडलीयेत.

तुझा,
सुन्या

ता.क. आईने तुझ्यासाठी कैरीचा मुरांबा दिलाय, खरा, साखरवाला. पुढच्या आठवड्यात येणाऱ्याबरोबर पाठवतो. तिने बजावून सांगितलंय की मागच्या वेळची बरणी अजून तुझ्याकडेच आहे, ती निळ्या झाकणाची, धुऊन परत दे.